ओळंबा, फळी आणि शिंप्याची टेप: साताऱ्यातल्या गच्चीवरून तारे आणि ग्रह कसे मोजायचे

मी मोजणीतला माणूस. खाजगी मोजणी, सरकारी नाही, हे आधीच सांगतो कारण लोक लगेच अर्ज कुठं करायचा ते विचारतात. दिवसभर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) घेऊन कुणाच्यातरी उसाच्या बांधावर उभा असतो आणि दोन्हीकडचे भाऊबंद माझ्याकडं टक लावून असतात. या धंद्यात पहिल्याच आठवड्यात कळतं की जागा कधी नुसती मोजता येत नाही, ती कशापासून तरी मोजावी लागते. हद्दीचा जुना दगड सापडला की निम्मं काम झालं. शेजारी बांध कोरतोय का हे बांधाकडं बघत बसून कळत नाही, यंदा वीतभर पुढच्या साली वीतभर असं चाललेलं असतं, ते दगडापासून टेप लावली की कळतं.

आकाशात पण हेच. तारे म्हणजे हद्दीचे दगड आणि ग्रह म्हणजे बांध कोरणारे शेजारी. एवढं डोक्यात ठेवलं की बाकी सगळं हाताचं काम आहे.

दुर्बीण लागत नाही, खरंच नाही. टायको ब्राहे या डेन्मार्कच्या खगोलशास्त्रज्ञाकडं दुर्बीण नव्हती, १६०१ मध्ये तो गेला तेव्हा दुर्बिणीतून आकाश बघायला सुरुवातही झाली नव्हती, तरी त्याची चांगली मापं अंशाच्या साठाव्या भागापर्यंत बरोबर होती आणि त्याच मापांवरून केप्लरनं मंगळाची कक्षा गोल नाही, लंबवर्तुळ आहे हे काढलं. आपण त्याच्या पंधरावीसपट ढोबळ असलो तरी खूप काही दिसतं.

आधी हाताची मापं

हात पूर्ण लांब करा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं मिळून ५, मूठ १०, वीत २० च्या थोडी वर. लहान पोराचा हात लहान तसं डोळ्यापासूनचं अंतरही कमी, म्हणून हे सगळ्यांना बऱ्यापैकी लागू पडतं. पण आपला हात एकदा तपासून घ्या. सप्तर्षीतले पुलह आणि क्रतु, म्हणजे ज्या दोघांची रेघ वाढवली की ध्रुव सापडतो ते, यांच्यात जवळपास साडेपाच अंश आहेत. माझी तीन बोटं त्यात बसून थोडी फट उरते, बरोबर आहे.

हे झालं अंदाजपंचे. वहीत लिहायला याच्यापेक्षा बरं पाहिजे.

५७.३ ची गंमत

अख्ख्या लेखातला एक आकडा पाठ करायचा असेल तर हा. वर्तुळाची त्रिज्या ५७.३ सेंटिमीटर घेतली की परिघावरचा १ सेंटिमीटर म्हणजे बरोबर १ अंश होतो. मग कंपासपेटीतला कोनमापक नको आणि गणितही नको.

यातून दोन हत्यारं तयार होतात. पहिलं अगदी फुकट. एक फूटपट्टी घ्या, मध्यावर दोरी बांधा, दोरीला ५७ सेंटिमीटरवर गाठ मारा, गाठ डोळ्याच्या खाली गालाला लावा आणि दोरी ताणून पट्टी समोर आडवी धरा. पट्टीवरचा सेंटिमीटर म्हणजे आकाशातला अंश. अरब खलाशी असल्याच दोरीच्या फळीनं समुद्रावर ताऱ्यांची उंची बघायचे, तिला कमाल म्हणतात. २० अंशापर्यंतची दोन ताऱ्यांमधली अंतरं यानं झकास येतात, त्यापुढं पट्टी सरळ आणि आकाश गोल म्हणून चूक वाढत जाते.

दुसरं हत्यार फळी. दोन बाय दोन फुटाचा प्लायवूडचा तुकडा, सुताराकडं पडलेला असतो. एका कोपऱ्यात खिळा मारा, त्याला दोरी, दोरीला ५७.३ सेंटिमीटरवर पेन्सिल, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाव वर्तुळ काढा. या कंसाची लांबी ९० सेंटिमीटर भरते. त्यावर शिंप्याची कापडी टेप फेविकॉलनं चिकटवा, झालं, ० ते ९० अंश तयार. (टेप चिकटवताना ताणू नका, मी ताणली होती, ९० च्या जागी ८९ आलं, परत सोलून काढली.) खिळ्याला बारीक दोरा आणि खाली गवंड्याचा ओळंबा लटकवा. एका कडेवर टोकाला गोल कडी असलेले दोन छोटे स्क्रू बसवा, एक खिळ्याजवळ आणि एक कंसाजवळ, त्यातून तारा बघायचा. खिळ्याचा कोपरा ताऱ्याकडं, कंसाची बाजू डोळ्याकडं. जिथून बघता त्या कडेला टेपचं ९० आलं पाहिजे आणि दुसऱ्या कडेला ०. कड्यांतून तारा दिसला की दोरा टेपला जिथं छेदतो ती ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची.

हातात धरून थरथरतं. जुन्या स्टुलाला किंवा खांबाला एका बोल्टवर फळी अडकवा म्हणजे फक्त वरखाली होईल. एकट्यानं करायचं असेल तर तारा कडीत आला की दोरा अंगठ्यानं फळीवर दाबायचा आणि मग आरामात लाइट लावून वाचायचं. मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटीन लावा नाहीतर प्रत्येक वाचनानंतर दहा मिनिटं आंधळे.

शून्य तपासल्याशिवाय मात्र फळीवर विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, फळीच्या कडीच्या उंचीची खूण समोरच्या लांबच्या भिंतीवर करा आणि कड्यांतून त्या खुणेकडं बघा. दोरा ० वर आला पाहिजे. माझा ०.४ वर येतो, स्क्रू वाकडा बसलाय, मी तो सरळ करत बसलो नाही, प्रत्येक वाचनातून ०.४ वजा करतो. चूक माहीत असली की ती चूक राहत नाही.

ध्रुव: पहिलं खरं माप

फळी ध्रुवावर लावा. जे येईल तो ढोबळमानाने तुमचा अक्षांश. साताऱ्याचा १७.७ अंश. पण तुम्हाला कधी १७.१ येईल कधी १८.३, आणि यात फळीचा दोष नाही, ध्रुव बरोबर उत्तरध्रुवावर नाहीच, ०.६ अंशाच्या जरा वर बाजूला आहे आणि तोही फेरी मारतो. शर्मिष्ठा (इंग्रजी एम अक्षरासारखं दिसणारं नक्षत्र) ध्रुवाच्या वर असेल तेव्हा ध्रुव जरा चढा येतो, सप्तर्षी वर असतील तेव्हा जरा उतरता. त्यामुळं संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा घ्या, हिवाळ्यातल्या लांब रात्री त्यासाठी बऱ्या.

सांगलीला माझी बहीण दिली आहे. दिवाळीला जाताना फळी डिकीत टाकली, बायको म्हणाली भाऊबीजेला फळी घेऊन जाणारा पहिला भाऊ बघते. सांगलीचा अक्षांश १६.८५ च्या आसपास, म्हणजे ध्रुव साताऱ्यापेक्षा ०.८ अंशानं खाली पाहिजे, टेपवर आठ मिलिमीटर. दहा वाचनं घेतली, सरासरी सात आली. ध्रुव स्वतः हलतो म्हणून साताऱ्यात ज्या वेळेला घेतलं होतं तीच ताऱ्यांची वेळ धरावी लागते, म्हणजे मधल्या प्रत्येक दिवसाला चार मिनिटं अलीकडं. आता हे सात-आठ मिलिमीटर म्हणजे काय, तर पृथ्वीचा गोलवा. सातारा ते सांगली दक्षिणोत्तर सरळ अंतर नव्वद-ब्याण्णव किलोमीटर आहे (रस्त्यानं जास्त, रस्ता तिरका जातो), त्याला आपल्या अंशांनी भागलं की एका अंशाला किती किलोमीटर ते निघतं. खरा आकडा १११ आहे. माझा १३० आला, पण प्लायवूडवरून आला.

दोन दोऱ्यांचं यंत्र

माझ्या मते सगळ्यात भारी भाग हा. उंची एक माप झालं, दुसरं माप वेळ. तारा बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर कधी येतो ती वेळ पकडली की त्याची आकाशातली जागा पक्की होते.

गच्चीवर आडवा बांबू किंवा पाइप बांधा, त्यावरून दोन पांढऱ्या लाइनदोऱ्या सोडा, मध्ये ८० सेंटिमीटर अंतर, प्रत्येकीला ओळंबा किंवा वीट. वारं असलं की हे झोके घेत बसतं, म्हणून दोन्ही ओळंबे पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवायचे, लगेच शांत होतात. आमच्या घरात यावरून रोज, "अरे बादल्या कुठं नेल्यास?"

आता दक्षिणेच्या बाजूला बसून उत्तरेकडं बघा आणि एक दोरी सरकवत सरकवत दोन्ही दोऱ्या आणि ध्रुव एका रेषेत आणा. दोऱ्या दिसायला खालून मंद उजेड ठेवा. मग उत्तरेच्या बाजूला जा, दक्षिणेकडं तोंड करा, आणि तारा दोन्ही दोऱ्यांच्या आड एकदम जाईल तो क्षण मोबाईलच्या घड्याळात सेकंदासकट टिपा. मोबाईलचं घड्याळ नेटवरून जुळलेलं असतं, मनगटावरचं नको.

फार उंचावरचे तारे याला झेपत नाहीत, मृगाच्या पट्ट्यातले तारे इथून ७०-७२ अंशांवर जातात, दोरी साडेतीन मीटर लागेल आणि मान मोडेल ती वेगळी. व्याध आणि अगस्ती ही जोडी धरा. अगस्ती दक्षिणेला साडेएकोणीस अंशांच्या किंचित वर, व्याध साडेपंचावन्नवर. फेब्रुवारीच्या मध्यावर व्याध रात्री साडेनऊनंतर पाचेक मिनिटांत रेषेवर येतो, अगस्ती त्याच्या आधी. घर अगदी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला असेल तर अगस्ती किल्ल्याला घासून जाईल किंवा आडच राहील, आमचं साताऱ्यातल्याच करंजे भागात आहे म्हणून अडचण नाही.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. ध्रुवाला कशाला जुळवायचं, होकायंत्र आहे की आपल्याकडं, म्हणून होकायंत्रानं दोऱ्या लावल्या आणि पंधरा दिवस इमानदारीत वेळा लिहिल्या. अगस्ती आणि व्याध यांच्या वेळेत २१ ते २२ मिनिटांचा फरक पाहिजे. माझा रोज ३३ येत होता. रोज ३३, एकदम ठाम. घड्याळ चुकलं असं धरून चाललो होतो, पण घड्याळ रोज तेवढंच कसं चुकेल. मग लक्षात आलं की गच्चीच्या कठड्यात लोखंडाचे गज आहेत आणि होकायंत्र मी त्याच कठड्यावर ठेवलं होतं. दिशा तीन अंशांनी फिरली होती.

पण त्यातून एक कायमची तपासणी मिळाली, ती तुम्हाला देतो. अगस्ती खाली दक्षिणेला आहे, त्याच्यावर दिशेच्या चुकीचा परिणाम जास्त होतो, एका अंशाला सहा मिनिटं. व्याध वर आहे, त्याच्यावर फक्त अडीच मिनिटांच्या जरा आत. म्हणून दोऱ्यांचं दक्षिण टोक पूर्वेला एक अंश सरकलेलं असेल तर दोघांमधला फरक २१-२२ चा २५-२६ होतो, पश्चिमेला सरकलेलं असेल तर १८. फरक बघायचा, दोरी सरकवायची, परत दुसऱ्या रात्री बघायचं. दोन तारे एकमेकांची चुगली करतात.

शेजारचे काका एकदा गच्चीवर आले. "काय रं, आता कुणाची हद्द मोजतोयस वर?"

"व्याधाची, काका."

"मग लगतच्या खातेदारांना नोटिसा काढल्यास का?"

दोऱ्या पक्क्या झाल्या की एक तारा धरून महिनाभर वेळ लिहा. तो रोज ३ मिनिटं ५६ सेकंद लवकर येईल. पंधरा दिवसांत एक तास, महिन्यात दोन. कारण ताऱ्यांच्या हिशोबानं पृथ्वीची गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण होते, आणि आपलं घड्याळ सूर्याच्या हिशोबानं चालतं. एखाददोन रात्री ढगात गेल्या तरी बिघडत नाही, पहिली आणि शेवटची वेळ वजा करून दिवसांनी भागा. माझं २६ दिवसांचं ३ मिनिटं ५५ सेकंद आलं, त्या रात्री मी चहा करून प्यायलो.

दोन ताऱ्यांच्या वेळेतला फरक म्हणजे त्यांचा आकाशातला पूर्वपश्चिम फरक, ४ मिनिटांना १ अंश. आणि दक्षिणेकडच्या ताऱ्याची रेषेवरची उंची अधिक तुमचा अक्षांश वजा ९० केलं की तो खगोलीय विषुववृत्तापासून (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशावर वाढवलं की मिळणारी रेषा) किती अंश दूर ते येतं. अगस्ती: १९.६ अधिक १७.७ वजा ९०, म्हणजे उणे ५२.७, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. ताऱ्यांच्या यादीतही हेच असतं. स्वतः काढलेला आकडा यादीतल्या आकड्याला जाऊन भिडतो तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही.

दिवसा सूर्य

सूर्याकडं फळीतून बघायचं नाही, कधीच नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. सावली मोजायची. सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा आणि दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. सर्वात आखूड सावली ती खरी दक्षिणोत्तर. दोऱ्यांची दिशा दिवसा तपासायला हे बरं पडतं.

साताऱ्यात ही वेळ बाराला येत नाही. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, सातारा ७४ वर, साडेआठ अंशांचे ३४ मिनिटं, म्हणजे सरासरी १२:३४. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४८, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस तिरका. २१ मार्चच्या आसपास मीटरभर काठीची सावली ३२ सेंटिमीटर, २२ डिसेंबरला ८७. मे महिन्यात १० तारखेच्या आसपास सावली पायात गडप होते, मग जूनमध्ये चक्क दक्षिणेला पडते. ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला परत शून्य सावली असते पण तेव्हा साताऱ्यात सूर्य कुणाला दिसतो.

आता शेजारी: चंद्र आणि ग्रह

इथं दोरीची फूटपट्टी काढा. ग्रहाचं अंतर जवळच्या दोन, जमलं तर तीन ओळखीच्या ताऱ्यांपासून मोजा, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून त्या भागाचा नकाशा छापून घ्या (ग्रह बंद करून, नाहीतर उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं होतं), आणि नकाशाच्या प्रमाणात कंपासनं कंस मारा. जिथं छेदतात तिथं ग्रह. शेतातला हरवलेला दगड आम्ही असाच शोधतो.

चंद्रापासून सुरुवात करा कारण तो एका रात्रीत हलतो. आज आणि उद्या एकाच वेळी एकाच ताऱ्यापासून मोजला तर साधारण १३ अंश सरकलेला सापडेल, एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश) ते याच्यावरूनच. गंमत अशी की याचा हिशोब केला तर तासाला अर्धा अंश पाहिजे, म्हणजे पट्टीवर पाच मिलिमीटर, पण चंद्र डोक्यावर असताना मी तासातासानं मोजला तर तीन-साडेतीनच येत होता. पट्टी खराब नाही. चंद्र इतका जवळ आहे की पृथ्वी आपल्याला घेऊन पूर्वेकडं फिरते तेव्हा तो ताऱ्यांच्या मानानं मागं पडल्यासारखा दिसतो, एसटीतून जवळचं झाड मागं पळतं तसं.

गुरू वर्षाला साधारण एक रास पुढं जातो, बारा वर्षांत फेरी, नेमकं सांगायचं तर ११.८६ वर्षं. कृष्णाकाठच्या लोकांना हे सांगायला नको, गुरू कन्येत गेला की नरसोबावाडीला कन्यागताचं पर्व असतं, २०१६ ला झालं. शनी वर्षाला १२ अंशच, त्याला महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे. शुक्राला रोज संध्याकाळी एकाच वेळी क्षितिजापासून फळीनं मोजा, काही महिन्यांत वर चढून परत खाली येतो.

मोबाईलनं पण होतं. स्टँडवर लावून दहा-पंधरा सेकंदांचा फोटो काढायचा आणि अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर टाकायचा, ते फोटोतले तारे ओळखून त्या चौकटीचे आकाशातले अंश-कला काढून देतं. अचूकता फळीपेक्षा कितीतरी जास्त. मी वापरतो, पण फळीनंतर.

ताऱ्यांना मी हद्दीचे दगड म्हणालो ते पूर्ण खरं नाही, तेही सरकतात. १७१८ मध्ये हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं जुन्या ग्रीक नोंदींशी ताडून बघितलं तर व्याध, स्वाती, रोहिणी जागेवर नव्हते. स्वाती वर्षाला सव्वादोन विकला (६० विकलांची एक कला) सरकतो, आपल्या टेपवर एक मिलिमीटर व्हायला दीडशे वर्षं जातील. गाया उपग्रह २०१३ मध्ये सोडला होता, त्यानं जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांच्या जागा मोजल्या. तो वेगळा खेळ.

वही

तारीख, वेळ सेकंदासकट, तारा, वाचन, हवा कशी होती, आणि कोणत्या वाचनावर स्वतःचा विश्वास नाही ते. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला नवीन लिहायचं. माझे ३३ मिनिटांचे पंधरा दिवस खोडले असते तर गजाचा पत्ताच लागला नसता.

सुरुवात कशानं करायची विचाराल तर मंगळ. तो साधारण २६ महिन्यांनी एकदा उलटा चालतो आणि पुढची वेळ २०२७ ची आहे. १० जानेवारीच्या आसपास तो सिंहेत थबकेल, मग मागं फिरेल, १९ फेब्रुवारीच्या सुमारास मघा ताऱ्याच्या चारेक अंश वरून जाईल आणि १ एप्रिलच्या आसपास परत सरळ लागेल. तोपर्यंत जवळपास २० अंश मागं आलेला असेल, पट्टीवर २० सेंटिमीटर. डिसेंबरपासूनच दर रविवारी रात्री त्याचं मघापासूनचं अंतर घ्या, सोबत सिंहेतला आणखी एक तारा धरा. गुरूही तेव्हा त्याच भागात असेल, तोही उलटा, पण त्याच्यापासून मंगळ मोजू नका. एका बांध कोरणाऱ्यापासून दुसऱ्याची हद्द काढत नाहीत.